मोहाला नेसवलेलं धोतर

डोमाकाका सकाळी उठून आधी मोहाच्या झाडाला कान लावायचे, चहा नंतर. "पानी चढून राहिलं," असं म्हणत ते समाधानानं मान हलवायचे. जसं काही रात्रभर त्यांनीच ते शेंदून भरलं होतं.

अड्याळच्या शिवारात त्यांची धानाची बांधी माझ्या बांधीला लागून. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर हा मोह उभा, आणि त्याच्या सावलीत आम्हा दोघांचंही धान खुरटायचं. तोडा म्हटलं की व्याख्यान सुरू. "लाकडातून पानी वर जाते. पानं त्याचं जेवन करतेत अन् ते सालीतून खाली मुळाले येते. चढाची वाट येगळी, उतराची येगळी. समजलं का?" समजलं म्हटलं तर लगेच परीक्षा. मी ती लग्नाच्या पंगतीत, हातात वरणाची वाटी धरून दिलेली आहे. शेवटी ठरलेलं वाक्य यायचंच: "वरून हिरवं दिसते म्हनून भुलू नोको."

काकू केव्हाच गेल्या होत्या. एकुलता एक वसंता भिलाईला नोकरीवर. दरवर्षी नव्या तांदळाचं पोतं काका त्याला पाठवत. तिकडून साधं कार्डही येत नसे.

एका दिवाळीला वसंता आला. काकांनी गावभर पेढे वाटले. दोन दिवसांनी तो गेला आणि तिसऱ्या दिवशी मोहाची साल बुंध्याभोवती हातभर सोललेली दिसली. आमच्याकडे झाड मारायची ही जुनी रीत आहे. पाणी वर चढत राहतं, पानं हिरवी राहतात, मुळं मात्र उपाशी मरतात. आवाज होत नाही, कोणी सापडतही नाही.

काका थेट माझ्या दारात आले. "तूच सोललं!" माझ्या मेहुण्यासमोर त्यांनी माझ्या तीन पिढ्या काढल्या. वर्षानुवर्षं खुरटं धान मी मुकाट कापलं, त्याचं हे बक्षीस! मी बोलणं टाकलं. तो घाव आजही दुखतो.

मग उतराची तुटलेली वाट जोडायला काकांनी मोहाच्याच कोवळ्या काड्या वरच्या सालीतून खालच्या सालीत खोचल्या, शेणमाती थापली आणि वरून आपलं धोतर गुंडाळलं. "मोह धोतरात, काका पंच्यावर," म्हणत गाव हसलं. मीही हसलो, जरा जास्तच. उन्हाळ्यात मोह कधी नव्हे इतका फुलला. लोक म्हणाले, वाचलं! काका म्हणाले, "भुलू नोका." पुढच्या वर्षी पालवी फुटलीच नाही.

तरी त्या हंगामात काका एस.टी. स्टँडवर दिसलेच, तांदळाच्या पोत्यासकट. मला राहवलं नाही. "काका, झाड मी नाही सोललं."

"मले मालूम आहे," ते शांतपणे म्हणाले. "साल माह्याच घरच्या कुऱ्हाडीले चिकटून होती. सावलीनं धान मरते, म्हने वसंता."

माझं डोकंच फिरलं. "मंग शिव्या मले काहून देल्या?"

काका पोत्याची सुतळी आवळत राहिले. "तू शेजारी आहेस. आज नाही त उद्या बोलशीन. त्याले बोललो असतो, अन् तो आलाच नसता तं?"

गाडी लागली. पोतं त्यांना एकट्याला उचलवत नव्हतं. त्या वसंताला मनातल्या मनात शिव्या देत मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी ते टपावर चढवलं.