झाकिपमामाची सत्तावीस हजार गिऱ्हाइकं

"मामा, लोक इंटरनेटवर काय शोधतात हे शोधून काढणाऱ्यांचा मी बाप आहे!" बिश्केकहून आलेल्या एर्मेकनं जाहीर केलं आणि आंबवलेल्या दुधाचा, म्हणजे कुमिसचा, तिसरा वाडगा रिचवला.

झाकिपमामा नमद्याची, म्हणजे लोकर तुडवून केलेल्या जाड कापडाची, गोल घरं बांधायचा. यंदा दोन बांधावीत की चार, एवढाच त्याचा प्रश्न होता. एर्मेकनं लॅपटॉपवर, किती लोक काय शोधतात ते मोजणाऱ्या साइटवर, 'झाकिपचं नमद्याचं घर' असं टाइप केलं. खाली तीन पर्याय आले: सैल जुळणी, ओळीनं जुळणी, नेमकी जुळणी.

"नेमकी घे," मामा म्हणाला. "मला नेमकं लागतं."

"छे! त्यात हेच शब्द, एवढेच शब्द टाकणारे मोजतात. कंजूष कारभार! सैलमध्ये आसपास घुटमळणारेही येतात. मन मोठं ठेवा, मामा!"

आकडा आला. महिन्याला सत्तावीस हजार!

मामानं आकड्यातली शून्यं बोटानं मोजली. सायरामामीनं शांतपणे विचारलं, "एकदम येणारेत की पाळीपाळीनं? कप आठच आहेत."

"काश्काला विका, लोकर घ्या!" एर्मेक म्हणाला.

काश्का म्हणजे मामाची घोडी. एर्मेकच्या पोटातला कुमिस तिच्याच दुधाचा. मामाचा चेहरा उन्हात विसरलेल्या दह्यासारखा झाला. पण बहिणीच्या मुलाला नाही म्हणायचा तिथे रिवाज नाही. मामानं घोडीच्या दलालाला निरोप धाडला, लोकर उधार आणली आणि शनिवारी अशर बोलावला. अशर म्हणजे अख्खं गाव फुकट राबायला येतं. फक्त मेंढी शिजवावी लागते. एर्मेकनंही मामाच्या फोन नंबरासकट जाहिरात दिली. अर्थात सैल जुळणीवर!

शनिवारी गाव लोटलं. लोकर चटईत गुंडाळली, दोर बांधला आणि तो लोळा ओढायला काश्कालाच जुंपलं. दलाल लगाम हातात घेऊन वाट बघत उभा. तेवढ्यात मामाचा फोन वाजला.

"आलं गिऱ्हाईक!" एर्मेक ओरडला. सगळं गाव फोनभोवती गोळा झालं.

"नातवाच्या पहिल्या पावलाचा समारंभ आहे," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "गोल घराच्या आकाराचा केक मिळेल? अंडं नको."

दुसरा फोन शाळकरी पोराचा. "काका, घराचं चित्र काढताना दार कुठे दाखवायचं? उद्या द्यायचंय."

तिसऱ्याच्या स्वप्नात नमद्याचं घर कोसळलं होतं. मामानं गंभीरपणे विचारलं, "कुठल्या बाजूनं?"

चौथ्या फोननंतर मामी लॅपटॉप घेऊन आली. "ते मधलं दाब."

एर्मेकनं ओळीनं जुळणी दाबली, म्हणजे हेच शब्द याच क्रमानं, पुढेमागे काहीही. आकडा धाडकन आपटला. उरलेल्यांत एक प्रश्न ठळक दिसत होता: 'झाकिपचं नमद्याचं घर गळतं का'.

"गळतं?" मामा गरजला. "कोण म्हणतो?"

गर्दीतला एक शेजारी एकाएकी लोकर फार मन लावून तुडवू लागला.

"आता नेमकी," मामी म्हणाली.

आकडा आला. दहा.

"दहा तर दहा!" मामाचे डोळे चमकले. "खरीखुरी दहा गिऱ्हाइकं! दलालभाऊ, सोड घोडी, ने!"

"थांबा हो," मामी म्हणाली. "तुमचं नाव घालून एवढं नेमकं शोधतंय कोण?"

मामानं बुटांकडे पाहिलं. मग आभाळाकडे. मग परत बुटांकडे.

"मी," तो पुटपुटला. "नाव येतं का ते बघतो. अधूनमधून."

मामीनं दलालाच्या हातातला लगाम काढून घेतला आणि त्याला मटणाचा वाडगा दिला. काश्का जागेवरच राहिली. मामानं दोनच घरं बांधली. उरलेला नमदा लोकरवाल्यानं उधारीपोटी नेला, आणि केकवाल्या बाईंना मामीनं अंड्याशिवाय केक करून पाठवला. जाहिरातीतून आलेली ती एकमेव ऑर्डर.

पुढच्या महिन्यात एर्मेकचा बिश्केकहून फोन आला. "मामी! नेमक्या जुळणीचा आकडा दहावरून सत्तर! माझ्या जाहिरातीची कमाल! आता तरी काश्का..."

"बाळा," मामी म्हणाली, "अशरला जेवायला किती माणसं होती?"

एर्मेकनं मनात मोजली. साठ. सगळ्यांनी घरी जाऊन एकेकदा शोधलं असणार, वर मामाचे नेहमीचे दहा. फोन ठेवला. मग, खात्री करायला म्हणून, स्वतःही एकदा शोधून पाहिलं.

एकाहत्तर.