गेटमामांची उकडहंडी

आमच्या घरात शिरणाऱ्या भाजीची झडती होते. पिशवी उंबऱ्यावरच अडवली जाते, एकेक वस्तू बाहेर काढून उजेडात धरली जाते आणि प्रश्नांच्या फैरी सुटतात, "कुठून आला? कशातून आला? वाटेत किती धूर सोडला?" उत्तरं मला द्यावी लागतात, कारण फ्लॉवर बोलत नाही.

झडती घेणारे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. बोईसरच्या एका केमिकल कारखान्याच्या गेटवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. आत येणारा ट्रक आणि बाहेर पडणारा जेवणाचा डबा, दोन्ही त्यांच्या नजरेखालून जायचे. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं गेट तेवढं ठेवून घेतलं, सवय त्यांच्याबरोबर घरी पाठवली. आमच्या सायलीनं लहानपणीच त्यांचं नाव गेटमामा ठेवलं. राहतात उमरोळीला, लहानशा वाडीत. रविवारी मात्र पालघरला आमच्या फ्लॅटवर ड्युटीला हजर.

एकदा मी हौसेनं सफरचंदं आणली. मामांनी एक हातात घेऊन त्याची नाडी बघितली.

"हे महिनोन्महिने कोल्ड स्टोरेजात झोपलं, मग ट्रकात झोपून इथवर आलं. एवढं झोपाळू फळ खाऊन तुमी काय उठणार, जावईबुवा?"

खाण्याच्या बाबतीत मी फार उदार माणूस आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचं कुठलंही पोटात घालतो, भेदभाव करत नाही. माझा घेर हा त्या उदारपणाचा पुरावा. पण मामांपुढे बोलायची सोय नाही.

त्यांच्या या वेडाला वाडीतलंच कारण होतं. भलत्या महिन्यात पाऊस आला आणि आंब्याचा सगळा मोहोर खाली. पुढच्या वर्षी थंडीच पडली नाही, वाल रुसून बसले. मामा झाडाखाली उभे राहून म्हणाले, "हवा बिघडली. आणि ती आपल्या तोंडानंपण बिघडते बरं का. गाडीचा धूर दिसतो, जेवणाचा दिसत नाय. लांबून आणायचं, फ्रीजात ठेवायचं, आणि अर्धं ताटात टाकून उठायचं. टाकलेलं कुजतं, त्याचापण वायू होतो."

आम्ही बोईसरकडची माणसं. वायूचं नाव निघालं की आधी हुंगून बघतो. काही वास आला नाही, म्हणून मी विषय सोडून दिला.

या जानेवारीत सायलीचा साखरपुडा ठरला. मुलाकडचे ठाण्याचे. मी पनीर आणि चायनीजचा काउंटर सांगायला केटररकडे निघालो, तर मामा दारात आडवे.

"जेवण मी घालणार. उकडहंडी."

माझी बायको घाबरलीच. "दादा, ठाण्याची माणसं आहेत. ते कडवट करांदे बघून परत जातील!"

"जाऊ देत. ज्यांना करांदा सोसत नाय, त्यांना आपली पोरगी काय सोसणार?"

सायली खो खो हसली आणि म्हणाली, "मामाच करतील." झालं. मुलीचं सासर आता एका कंदमुळावर अवलंबून होतं, आणि मी मुलीचा बाप असल्यामुळे मला कोणी विचारत नव्हतं.

मामांनी सगळं जवळपासचं जमवलं. वालपापडी, वांगी, रताळी, कोनफळ वाडीतलं आणि शेजाऱ्यांचं, करांदे डोंगरातून बाजारात येणाऱ्या बायकांकडचे. साखरपुड्याच्या दिवशी पहाटेच हॉलच्या मागे चूल मांडली. भल्या मोठ्या हंडीत थरावर थर लावले, ओलं खोबरं आणि मसाला पेरला, वर केळीची पानं दाबून तोंड बांधलं. आत पाण्याचा थेंब नाही.

पाहुणे आले ते फळांची टोपली घेऊन. वर जरीची जाळी, आत किवी. मामांनी ती दारातच अडवली आणि किवीवरचं स्टिकर वाचलं.

"अरे, तू विमानानं आलास का रे? मी अजून नाय बसलो."

विहीणबाई थिजल्या. मी इतका मोठ्यानं हसलो की भटजी दचकले. टोपली आत गेली, पण माझा घाम काही थांबेना.

बुफे नव्हताच. मामांनी पंगत मांडली. "उभ्यानं माणूस डोळ्यांनी वाढून घेतो, बसला की पोटानं." हंडीचं तोंड सोडलं आणि असा वास सुटला की ठाण्याची मंडळी आपोआप पानावर येऊन बसली. पहिला घास सगळे जपून घेत होते. दुसऱ्याला बोलणं बंद झालं.

मामा मात्र हात धुण्याच्या नळाशी जाऊन उभे राहिले. जुनी सवय, बाहेर जाणाऱ्याला तपासायची. पहिले उठले ते मुलाचे वडील. उंचपुरे, गंभीर, दिवसभरात चार शब्द बोललेले. मामांनी त्यांच्या पानाकडे बोट दाखवलं.

"साहेब, एक करांदा बाकी हाय."

बायकोनं माझा दंड धरला. व्याह्यांनी मामांकडे पाहिलं, मग पानाकडे. वळले, परत मांडी घातली, करांदा खाल्ला. आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "आता बसलोच आहे, तर वाढा अजून!"

काय तो जल्लोष! त्यांच्या मागोमाग उठलेली चार माणसं पुन्हा बसली. विहीणबाईंनी कोनफळ तिसऱ्यांदा मागून घेतलं. शेवटी हंडी आडवी करून पळी फिरवावी लागली. केराच्या बादलीत सालं आणि शेंगांचे चोथे, अन्नाचं शीत नाही. मी ती बादली उचलून सगळ्यांना दाखवत फिरलो, जणू मीच रांधलं होतं.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, "मामा, लग्नाचं जेवणही तुम्हीच करायचं हं."

"करतो की. जेवढी माणसं येतील तेवढी येऊ देत. मोजू नका."

पाहुणे गेल्यावर मी आणि सायली मागे गेलो. मामा हंडी घासत होते.

"केवढी जुनी हंडी आहे, मामा. इतकी वर्षं कधी काढली नाहीत?" सायलीनं विचारलं.

"तुझी मामी गेली तशी माळ्यावर टाकलेली. मधी एकदा एकट्यापुरती लावून बघितली." त्यांनी राखेची मूठ घेतली. "अर्धीच भरली की हंडी करपते, सायले. हिच्यात वरून पाणी घालत नाय ना. भाजीला भाजीचं पाणी सुटावं लागतं, आणि तेवढी भाजी एका माणसाला काय करायची? मग चहात पाव बुडवतो, भागतं."

सायलीनं पदर खोचला आणि हंडीची दुसरी बाजू धरली. मागून आलेल्या माझ्या बायकोनं हे ऐकलं असावं, कारण तिनं तिथेच उभं राहून सोसायटीत फोन लावायला सुरुवात केली होती. "रविवारी आमच्याकडे जेवायला या. हो, सगळेच या."

मामांनी मान वर न करता तिला ओरडून सांगितलं, "पोरंपण घेऊन या म्हणावं! लय पोरं घेऊन या!"

आणि ते घासत राहिले. हंडी केव्हाच लखलखीत झाली होती.