तोआन मास्तरांची सर्वगुणसंपन्न लेन्स

"घ्यायची की नाही गं?" तोआन मास्तरांनी उठल्यापासून सातव्यांदा विचारलं.

"आधी माझा फोटो काढा, मग बघू," त्यांची बायको क्वेन म्हणाली.

दुकानदाराने लेन्स एका दिवसासाठी वापरून बघायला दिली होती. जवळचं, लांबचं, सगळं एकीतच. चहाच्या अड्ड्यावरच्या निवृत्त फोटोवाल्यांनी नाकं मुरडली होती, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" पण पिशवीतल्या चार लेन्स बदलता बदलता मास्तरांच्या हातून आजवर कितीतरी फोटो निसटले होते, आणि त्यात बहुतेक वेळा बायकोच निसटली होती.

क्वेनला एकच फोटो हवा होता, आपल्या मागे घरात पूर्वजांच्या ओळीत लावायचा. हनोईतली शहाणी माणसं तो वेळेत काढून ठेवतात. तिच्या बहिणीने ठेवला नव्हता. शेवटी लग्नाच्या घोळक्यातून कापून काढला, आणि आता नातवंडं तिच्याबरोबर फोटोत उरलेल्या कुणा परक्या बाईच्या कानालाही उदबत्ती लावतात.

"माझं तसं झालं ना, तर भूत होऊन मानगुटीवर बसेन!" क्वेनने बजावलं होतं.

म्हणून दोघं भल्या सकाळी हो ताय तळ्यावर आली. कमळं उमलत होती, धुकं पाण्यावर अजून लोळत होतं. जांभळा आओ-दाय घालून क्वेन कमळं तोडणाऱ्या बाईच्या रिकाम्या होडीत बसली. होडी खुंट्याला बांधलेली होती.

"दोर मध्ये येतोय," म्हणत मास्तरांनी तो सोडून टाकला.

मग त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि जग विसरले. गुलाबी पाकळ्या, पांढरं धुकं आणि मधोमध क्वेन. किती सुंदर दिसतेय! लग्नाआधी सायकलवरून जाताना दिसायची, अगदी तश्शी. ती जराशी लहान वाटली की ते हलकेच लेन्सची रिंग फिरवत, आणि ती पुन्हा जवळ. काय लेन्स आहे!

क्वेनने हात हलवला. "वा!" मास्तर पुटपुटले. तिने दोन्ही हात हलवले. "बहोत खूब!" ती तोंड उघडून काहीतरी म्हणत होती, पण वारा मास्तरांच्या पाठीमागून वाहत होता. गातेय बहुतेक, त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले.

मग रिंग संपली. तरीही क्वेन लहान होतच राहिली.

मास्तरांनी कॅमेरा खाली घेतला. समोर नुसती कमळं होती आणि पार पलीकडे, मोकळ्या पाण्यात, एक जांभळा ठिपका.

"अरे देवा! माझी बायको!"

कमळवाल्या बाईने दुसरी होडी काढून क्वेनला ओढत आणलं, तेव्हा मास्तर गुडघाभर चिखलात उभे होते. पोहता येत नसल्यामुळे त्याच्या पुढे जाता आलं नव्हतं.

"नको ती अवदसा! लेन्स आत्ता परत करतो," ते रडवेले होऊन म्हणाले.

कॅमेरा हिसकावून क्वेन एकेक फोटो बघत बसली. हसणारी, गोंधळलेली, घाबरलेली आणि शेवटी बोट रोखून शिव्या घालणारी ती. सगळ्यांत स्वच्छ, पूर्ण, दोन्ही कानांसकट.

"चाळीस वर्षांत माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतंत," ती हळूच म्हणाली. "घ्या ती लेन्स."

"खरंच? आणि फोटो कुठला लावायचा? हा हसरा?"

"छे! हा बोट रोखलेला. मी गेल्यावरही घरात वचक राहायला हवा."