आमची पिकअप, अँप्लिफायर आणि सासूबाईंची देवी

मेव्हण्याच्या मुलाच्या दीक्षेला भाड्याची बाजाची गाडी आणायची नाही, असं मी अख्ख्या सासुरवाडीसमोर छातीठोकपणे जाहीर केलं. आमच्या थायलंडच्या इसानात पोरगा भिक्षू व्हायला निघाला की गाव त्याच्यापुढे नाचतं, आणि मिरवणुकीत बाजा बंद पडला तर त्या घराचं नाव पुढच्या पिढीपर्यंत निघतं! मी माझ्या पिकअपवर चार थोराड स्पीकर आणि दोन अँप्लिफायर स्वतःच्या हातांनी बसवले. दणका असा, की शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म. बॅटरी ठार! नवी घातली, तीही दोन दिवसांत गेली. मिरवणूक चार दिवसांवर आली होती. मेव्हणा सुरासक रोज येऊन गाडीपेक्षा माझ्याकडेच जास्त काळजीनं बघायचा.

सासूबाईंनी निदान करून टाकलं. प्रत्येक गाडीत मेयानांग देवी राहते, आणि मी तिला न विचारता तिच्या अंगाला भोकं पाडली होती. त्यांनी बॉनेटवर हार घातला आणि लाल सरबताची बाटली ठेवली.

बॅटरीतली वीज कुठे गळतेय ते शोधायला मी मीटर घेऊन बसलो. किल्ली काढली आणि एकेक फ्यूज उपसत गेलो. अँप्लिफायरचा फ्यूज निघाला आणि काटा खाली आला. चोर सापडला, आणि तो मीच होतो! अँप्लिफायरला जागं करणारी वायर टेपच्या मागून आणायची असते, म्हणजे टेप बंद झाला की तोही झोपतो. पण डॅशबोर्डवर बुद्धमूर्ती बसवून थोरल्या भंतेंनी सभोवती, थेट टेपवरूनही, मंतरलेला दोरा गुंडाळला होता. तो तोडायचं पाप नको म्हणून मी वायर सरळ बॅटरीला जोडली होती. बिचारा अँप्लिफायर आठवडाभर टक्क जागा होता.

मी गुपचूप फ्यूज काढून ठेवला आणि बॅटरी चार्ज करून आणली. सकाळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. सासूबाईंनी सरबताच्या बाटलीला हात जोडले. दुपारपर्यंत गावातले दोन पंप आणि एक ट्रॅक्टर त्यांच्या हाताचा हार घालून घ्यायला अंगणात रांगेत उभे!

शेवटी मी विहारात जाऊन सगळं कबूल केलं. थोरले भंते म्हणाले, "दोरा सोड की. मी दुसरा बांधून देतो. मला विचारलं असतंस तर दोन बॅटऱ्या वाचल्या असत्या."

वायर नीट जोडली. तरी मनात धाकधूक होतीच, म्हणून आदल्या दुपारपासून इंजिन बंदच केलं नाही. बॅटरी भरलेली राहायला हवी ना!

मिरवणूक काय रंगली म्हणून सांगू! विहाराभोवतीच्या तीन फेऱ्यांपैकी पहिली झाली. सासूबाई सगळ्यांच्या पुढे नाचत होत्या आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अभिमान वाटला. दुसऱ्या फेरीत गाडीनं दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. बाजा मात्र ठणठणीत वाजत होता! मी बॉनेट उघडून वायरी चाचपायला लागलो. सुरासकनं खिडकीतून डोकं आत घातलं, काटा बघितला आणि मागे जाऊन गाडीला खांदा लावला.

उरलेल्या दीड फेऱ्या गावानं गाडी ढकलत, नाचत पूर्ण केल्या. एक ठोकाही चुकला नाही. सासूबाई घाम पुसत माझ्या खिडकीशी आल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "देवीचं मी बघितलं होतं. डिझेलचं तरी तुम्ही बघायचंत."