बारा व्होल्टचा जवाई

सगळी चूक त्या अनारशाची. तो तोंडात नसता तर मी वेळेवर "नाही" म्हणालो असतो.

यंदा अधिक महिना आला आणि सासुरवाडीहून आम्हाला धोंड्याचं बोलावणं आलं. सासुरवाडी आष्टी तालुक्यात, धरणाच्या बॅकवॉटरला लागून. दुपारी जेवताना मेहुणा गजेंद्र म्हणाला, "भाऊजी, यंदा तुमचं दीपदान आपल्या नव्या बोटीवर करू. लायटिंगचं तेवढं तुमी पाह्यजा."

तोंडात अख्खा अनारसा. मी नुसतं "हं" केलं. झालं, ठरलं!

बोट म्हणजे काय, तर निळे प्लास्टिकचे ड्रम, त्यावर लोखंडी फ्रेम, वर प्लायवूड, चार खांब, छत, छताला बॅटरीवर चालणारी एलईडीची झालर आणि खाली चार प्लास्टिकच्या खुर्च्या. वांगी-टमाटे पिकवणाऱ्या गजेंद्रला पर्यटकांना फिरवण्याची हौस आली होती. आता माझं पुलगावला इलेक्ट्रिकचं दुकान आहे, हे खरं. पण बल्ब विकणं वेगळं आणि वायरीला हात लावणं वेगळं. घरातला बल्बसुद्धा माझी बायको हर्षा बदलते. मी खाली, जरा लांब उभा राहून तिला धीर देतो. (माझं नाव धीरज आहे. नाव ठेवताना आईवडिलांना काही कल्पना नव्हती.) हे गुपित आम्हा दोघांतच आहे. सासरी मात्र माझा मोठा दरारा. माझे सासरे वासुदेवराव, म्हणजे मामाजी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमचे जवाई इलेक्ट्रिकमधले आहेत!" ही इज्जत गेली तर पुन्हा या गावात कोणत्या तोंडाने अनारसे खायचे? त्यात मला पोहता येत नाही. लाइफजॅकेट मी सासऱ्यांच्या अंगणातच चढवलं होतं. बोट तिथून अर्ध्या कोसावर होती.

दिवस मावळता मावळता आम्ही पाच जण निघालो. पाण्यात बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे जागोजागी वर आलेले. ते पाहून मी जॅकेटचा पट्टा आणखी आवळला. मधोमध पाट मांडून मला मांडी घालायला लावली. सासूबाई, म्हणजे सुमित्रामामी, ताटात अनारसे रचून त्यावर निरांजन ठेवत होत्या. गजेंद्रने इंजिन बंद केलं आणि मोठ्या ऐटीत झालर लावली. झालर लागली, मिचमिचली, पुन्हा लागली आणि बोट जरा डुलली तशी गप्पकन विझली.

"घाबराचं काम नाई," मामाजी म्हणाले. "जवाई आहेत ना आपले. उठा, जवाईबापू."

मी उठलो. म्हणजे उठायला गेलो. उजवा पाय टेकला मात्र, तळव्यापासून मांडीपर्यंत झणझणीत मुंग्या सरसरत वर आल्या.

"करंट!" मी ओरडलो. "फ्रेममधी करंट उतरला! पाय वर घ्या सगळे!"

क्षणात चारही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चार माणसं उभी. त्यातल्या एकीवर मी होतो, हे सांगायला नकोच. खाली उरला गजेंद्र.

"भाऊजी, पक्कं का?"

मी खिशातला टेस्टर काढला. (तो मी पेनासारखा कायम लावतो, दुकानात शोभून दिसतो.) खुर्चीवरूनच वाकून खांबाला लावला. पेटला नाही. बॅटरीच्या डब्याजवळच्या उघड्या वायरीला लावला. तरी पेटला नाही. आता दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, बरं झालं. पण भ्यालेल्या माणसाचं डोकं फार जोरात चालतं.

"टेस्टरच जळाला!" मी म्हणालो. "म्हंजे करंट किती असंल, विचार करा!"

"अरे बापा!" मामाजी म्हणाले. "तरीच म्हणतो, मलेबी मुंग्या येऊन राह्यल्या."

"तुमाले शुगर आहे, जी," मामी म्हणाल्या आणि लगेच थरथरल्या. "अवं माय वं, मलेबी येऊन राह्यल्या!"

गजेंद्रने मोबाईलचा टॉर्च लावला. "बंद कर!" मी खेकसलो. "त्याच्यातबी बॅटरी आहे!" त्याने तोही बंद केला. आता पूर्ण अंधार. गजेंद्र इंजिनाची दोरी ओढायला गेला, तर मी त्यालाही रोखलं, कारण इंजिन लोखंडाचं. बिचारा तोही मामींच्या खुर्चीवर चढला. तशी बोट एका अंगाला कलली, ताट घसरलं आणि अनारसे एकामागून एक पाण्यात गेले. डुब्, डुब्, डुब्. मामींनी निरांजन आणि ताट कसंबसं छातीशी धरलं.

वारा सुटला होता आणि बोट आपल्या मनाने खोल पाण्याकडे निघाली होती. एक बाभूळ ड्रमाला खरवडत गेली. मी रामरक्षा सुरू केली, पण दुसऱ्या ओळीच्या पुढे आठवेना. खरं सांगतो, मला वाटलं, आपण सगळे आज इथेच संपलो, आणि तेही माझ्यामुळे.

"अहो," अंधारात हर्षाचा आवाज आला, "ही बॅटरी कशाची आहे?"

"ट्रॅक्टरची," गजेंद्र म्हणाला.

"म्हंजे बारा व्होल्टची. मंग करंट कुठला लागते, अन् टेस्टर कुठला पेटते?" आणि ती खुर्चीवरून खाली उतरली. अनवाणी!

"हर्षा, हात लावू नको!" मी जीव खाऊन ओरडलो. "तुले काई झालं तं मी काय करू?" खोटं कशाला बोलू, माझा आवाज रडका झाला होता. मात्र मी खुर्चीवरून उतरलो नाही.

डब्यात खुडखुड झालं. "टर्मिनलवर खार साचला आहे, क्लिपही सैल आहे," ती पुटपुटली. पदराने पुसलं, क्लिप दाबून पिळली आणि अख्खी झालर लख्ख पेटली.

उजेडात सगळ्यांनी आधी स्वतःचे पाय पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीवर उभा, एका हातात टेस्टर, आणि दुसऱ्या हातात मामाजींची गच्च धरलेली कॉलर.

"पण मुंग्या?" मामाजींनी कॉलर सोडवत विचारलं.

"इतका वेळ मांडी घालून बसल्यावर मुंग्या नाई येणार तं काय येणार, बाबा?" हर्षा म्हणाली.

गजेंद्र पाण्याकडे तोंड करून खांदे हलवत होता. तो रडत नव्हता, एवढं मला कळलं.

मामींनी रिकाम्या ताटात निरांजन ठेवलं, वात पेटवली आणि ताट घेऊन माझ्यावरून सरळ हर्षाकडे गेल्या. "घे माय. यंदाचं दीपदान तुलेच. उजेड तं तूच केला."

हर्षा लाजली, पण तिने ताट घेतलं. गजेंद्रने इंजिन सुरू केलं आणि बोट काठाकडे वळली. वाऱ्याने हर्षाचा पदर उडायला लागला तशी ती माझ्याकडे वळली. "अहो, धरा जरा हे, पदर खोचते."

मी खुर्चीवरूनच हात पुढे केला. तुपातली ती एवढीशी वात पाहिली आणि हात थांबला.

"याले करंट तं नाई ना?"