गुरुजींच्या बोटातली कडी

आनंदराव गुरुजींचं बोट कडीत अडकलं, आणि नेमकी तेव्हाच शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांची सायकल मांडवगण फराट्याच्या शाळेच्या भिंतीला टेकली.

ही बासष्ट सालची गोष्ट. गुरुजींच्या वर्गात चार मुलं अशी होती, की फळ्यावरची अक्षरं त्यांच्यापुढे नुसती नाचत. मागच्या तपासणीला साहेबांनी बजावलं होतं, "पुढच्या खेपेला उत्तरं आली नाहीत तर या चौघांची नावं कमी करा." ते गुरुजींच्या फार जिव्हारी लागलं. 'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' हे महिनाभर घोकूनही चौघांच्या तोंडी बसेना. शेवटी त्यांनी बाबुलाल लोहाराकडून बोराएवढा लोखंडी गोळा आणि तो जेमतेम पार होईल अशी कडी करून आणली. वर्गात कडी दाखवता दाखवता ती त्यांनी स्वतःच्याच बोटात घातली. ती पेरापलीकडे गेली ती गेलीच. ओढाओढीत बोट वांग्यासारखं टरारलं.

गुरुजींनी तो हात धोतराच्या सोग्यात लपवला.

"नमस्कार एका हातानं?" साहेबांनी भुवई चढवली, आणि सगळं उघडं पडलं.

साहेब हसले नाहीत. उलट त्यांना हुरूप आला. "अहो, सोपं आहे! कडी तापवा. प्रसरण पावेल, बोट सुटेल. स्टोव्ह आणा!"

स्टोव्ह आला. पंप मारून झाला. निळी ज्योत फरफरू लागली तसा गुरुजींना दरदरून घाम फुटला. साहेब चुकतात म्हणावं तर नोकरीचा प्रश्न, आणि शास्त्र तर आपणच शिकवलेलं! बिचाऱ्यांनी डोळे मिटून हात पुढे केला.

"सायब, थांबा!" बाबुलालचा पाशा उभा राहिला. चौघांतला हा सगळ्यात अबोल. "कडीच्या आत गुरुजींचं बोट हाय की!"

"मग?"

"अब्बा गाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवत्यात, तवा आतलं लाकूड करपतंय. लोखंडाची धग आत जाती. हितं कडी सैल व्हायच्या आदी बोट करपंल. बोटच गार करा की."

पाशानं गुरुजींचा हात रांजणात बराच वेळ बुडवून धरला, मग गोडेतेल चोळलं आणि हळूहळू फिरवत कडी काढली. साहेबांनी एकवार स्टोव्हकडे पाहिलं आणि शेरेबुक मागवलं.

निवृत्तीनंतर दौंडच्या घरी आल्यागेल्याला गुरुजी त्या शेऱ्याची नक्कल वाचून दाखवत. "'चौघेही समजदार आहेत. नावे कायम ठेवावीत.'" इथे ते घाईघाईनं कागदाची घडी घालू लागत.

"अहो, पुढची ओळ?" स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी गीताबाई विचारत, आणि तोंडपाठ असल्यामुळे स्वतःच म्हणून टाकत, "'सदर पाठ गुरुजींनी पाशाकडून समजून घ्यावा.'"