गायकवाडकाकांचं हार्ट

गायकवाडकाकांना "कसे आहात?" विचारलं की ते आकडा सांगायचे. "अकरा." सर्दी झाली असेल तर "सात." नातीच्या बारशाच्या दिवशी "साडेअठरा" म्हणाले होते. वीस का नाही, असं विचारलं तर म्हणाले, वीसला माणूस फुटतो.

आमच्या अंबरनाथच्या केमिकल कंपनीत ते इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते आणि मी कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर. टाक्यांमधलं तापमान, दाब, पातळी हे सगळं करंटच्या रूपात तारांमधून माझ्याकडे येतं. सगळ्यात कमी चार, सगळ्यात जास्त वीस. मी नवीन असताना विचारलं होतं की खाली शून्य का नाही. काका म्हणाले, "शून्य म्हणजे तार तुटली. चार म्हणजे सांगायला काही नाही, पण जिवंत आहे." मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कंपनीत कोणाकोणाचा आकडा चार आहे ते मला सांगितलं. परचेसचं अख्खं डिपार्टमेंट त्यात होतं.

त्याच दोन तारांवर, त्याच करंटच्या अंगावरून, आणखी एक बारीक डिजिटल बोलणं चालू असतं. माझ्या पॅनेलला ते ऐकू येत नव्हतं. ते ऐकायचा एक डबा काकांकडे होता. तारेला लावला की टाकीवरचं यंत्र आपलं नाव, आपलं माप, आपलं दुखणं सांगायचं. या पद्धतीला हार्ट म्हणतात आणि काका डब्यालाच हार्ट म्हणायचे. एकदा त्यांनी प्लांटमधून गेटवर फोन केला, "गायकवाड बोलतोय. हार्ट बंद पडलंय, कोणाला तरी पाठवा." वॉचमनने अँब्युलन्स बोलावली. काकांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि अर्धा तास चार ते वीस समजावून सांगितलं.

त्या डब्यामुळे असेल, पण पहिल्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. आम्ही एकदा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये युनिफॉर्मचं कापड घ्यायला गेलो होतो. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, सिकुडेगा नहीं. गॅरंटी." काका शांतपणे म्हणाले, "ये मीटर की सुई का हुआ. अब अंदर का बोलो." दुकानदाराने कापडाचं टोक चुरगळून पाहिलं, मग म्हणाला, "थोडा सिकुडेगा."

मलाही सोडायचे नाहीत. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तीन आठवडे मी सगळ्यांना बरी आहे म्हणून सांगितलं. काका रोज "आतलं?" विचारून दोन मिनिटं थांबायचे. चौथ्या आठवड्यात मी त्यांच्यासमोर रडले.

मग तो मंगळवार आला. आमच्या मोठ्या रिअॅक्टरचं तापमान मोजणारं यंत्र आदल्या दिवशी बाहेरच्या कंत्राटदाराने बदललं होतं. माझ्या पॅनेलवर तापमान शंभर होतं, म्हणजे अगदी हवं तेवढं. काका दुसऱ्या कामाला आले होते, पण नवीन यंत्र दिसलं म्हणून त्यांनी डबा लावला. मग मला वॉकीटॉकीवर विचारलं, किती दाखवतंय. मी शंभर म्हटलं.

"ताई, हे स्वतः दीडशे म्हणतंय," काका म्हणाले. "वीस म्हणजे किती अंश, ते माप यात चुकीचं भरलंय. करंट बरोबर आहे, त्याचा अर्थ तुमच्याकडे चुकीचा लागतोय."

दीडशेनंतर तो माल आपोआप तापत जातो आणि टाकी फुटते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी प्रॉडक्शन मॅनेजरला बोलावलं. त्याने पॅनेल पाहिलं. बॅच संपायला दोन तास आहेत, एका डब्यासाठी थांबवायची नाही, संध्याकाळी बघू, असं म्हणून तो खाली उतरला. काकांनी वॉकीटॉकीवर सगळं ऐकलं. त्यांनी मला रिअॅक्टरजवळच्या दोघांना लांब पाठवायला सांगितलं. मी पाठवलं. मग त्यांनी हाताने तार काढली.

पॅनेलवरचा आकडा पडला, अलार्म वाजला. तार तुटली असं समजून यंत्रणेने आपोआप वाफ बंद केली आणि थंड पाणी सोडलं. बॅच वाया गेली. काका तिथेच, तापलेल्या रिअॅक्टरला खेटून, यंत्राला आपली बॅटरी जोडून माप खाली येईपर्यंत डबा धरून उभे होते.

चौकशीत यंत्राचं माप चुकीचंच निघालं. तरी विनापरवानगी प्लांट बंद पाडला म्हणून काकांना काढलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. मी साक्ष दिली, ती कागदावर आली नाही. काका एवढंच म्हणाले की परवानगी घेतली नव्हती हे खरं आहे.

त्यांना काढल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी अंबरनाथ पश्चिमेला त्यांच्या घरी गेले. काकूंनी सांगितलं की दर रविवारी ते बदलापूरच्या पुढे एका गावात असतात, भोईरांकडे. मी रिक्षा करून गेले.

अंगणात खुर्चीवर एक आंधळा म्हातारा बसला होता. तोंडाला साबणाचा फेस. काका वस्तऱ्याने त्याची दाढी करत होते. मला पाहून दचकले, पण हात थांबला नाही.

कंपनीतल्या साहेबांना सांगून काकांची काही सोय होईल का, असं मी बोलू लागले, तर म्हातारा मध्येच म्हणाला, "तू याच्या कंपनीतली? मग ऐक. माझा पोरगा याच्या पयल्या कंपनीत व्हता. टाकी फुटली त्यात गेला. त्या टाकीचा काटा यानीच तपासलेला. करंट बरोबर, म्हनून वहीत ओके लिवलान. आतलं माप बघितलान नाय."

काका पाण्यात वस्तरा धूत होते.

"हे कोर्टात नाय आलं. कोनालाच म्हाईत नव्हतं. यानी हितं येऊन सोता मना सांगितलान. मी काठी फेकून मारली. दुसऱ्या रविवारी परत आला. वर्षभर गेटाबाहेर बसायचा, मी पानी पन इचारलं नाय. मग माजे डोले गेले. सोताची दाढी करताना एकदा गाल कापला, त्याला वास आला असंल रक्ताचा. आत आला."

"बाबा, बोलू नका," काका म्हणाले. "लागेल."

म्हाताऱ्याने ओठ मिटले आणि मान मागे टाकून गळा त्यांच्यापुढे केला.